माझ्या वाटचं दूध

आमच्या लॅबच्या फॉर्मवर तिसऱ्या ओळीत एक चौकोन असायचा. शेजारी छापलेलं असायचं, 'उपाशीपोटी: होय / नाही'. रात्री किती वाजता जेवलात, सकाळपासून काय घेतलं, हे पेशंटला विचारायचं आणि मग खूण करायची. विचारायला दहा सेकंद लागतात. तीस वर्षं होत आली मी माणसांच्या दंडाला रबरी पट्टी बांधतोय, आणि न विचारता खूण केलेला एकच फॉर्म मला आठवतो. तो माझ्या थोरल्या भावाचा होता.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. दादाला सांगितलं, तेही पाच वर्षं उलटल्यावर आणि तेही सगळं नाही. आता पन्नाशी गाठली. बोलायचं टाळून टाळून माणूस किती टाळणार?

दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. वडील साखरेच्या आजाराने गेले तेव्हा तो दहावीत होता. शाळा सोडून तो उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत लागला, मोल्डिंगच्या कामावर. काळ्या वाळूत साचा दाबायचा आणि तापलेला लोखंडाचा रस त्यात ओतायचा. मी बारावी झालो तेव्हा त्यानेच मला मिरजेला लॅबच्या कोर्सला घातलं. त्याच्या हातांच्या रेषांमधली काळी वाळू कधीच निघाली नाही, आणि माझ्या अंगावर मात्र पांढरा कोट आला. हा फरक त्याने एकदाही बोलून दाखवला नाही. मला तेच जड जायचं.

नव्वदच्या सुमाराला मी कोल्हापुरात नोकरीला लागलो तेव्हापासून आमची सकाळ एकच होती. पहाटे सहाला गंगावेशीतला दूधकट्टा. रस्त्याकडेला म्हशी बांधलेल्या, गवळी उकिडवा बसलेला, आणि धार थेट ग्लासातच पडायची. ग्लास वरपर्यंत फेसाने भरायचा. उभ्या उभ्याच प्यायचं, गरम असतानाच. पहिला ग्लास दादा माझ्या हातात द्यायचा. दुसरा भरेपर्यंत तो म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहायचा, एकटक धारेकडे बघत. माझं लग्न झालं, मी राजारामपुरीत भाड्याने खोली घेतली, चूल वेगळी झाली. पण कट्टा वेगळा झाला नाही. दिवसभरात आमची दुसरी भेट व्हायची नाही, तिथे मात्र चुकायची नाही. बोलणंही काही खास नसायचं. म्हशीची किंमत, फौंड्रीतला मुकादम, कुणाचं लग्न ठरलं. कधी तेही नाही.

मी लॅबला लागल्याचं कळल्यापासून गवळ्याला माझी थट्टा करायला कारण मिळालं होतं. मी दिसलो की तो ओरडायचा, "आलं बगा रगातवालं पावणं." आणि आमच्या म्हशीचं बी एकदा तपासून द्या, दादाचं नाव लावून, म्हणायचा. दादा मिशांवरचा फेस बाहीला पुसत हसायचा. त्याच्या हसण्याला आवाज नसायचा, फक्त खांदे हलायचे.

दोन हजार चारच्या आसपास दादाला साखर निघाली. त्याचं रक्त मीच काढलं, आकडा मीच आधी पाहिला. उपाशीपोटी दोनशेच्या वर. ट्रायग्लिसराइडही, म्हणजे रक्तातली चरबी, अडीचशेपर्यंत गेलेलं. मी सांगितलं तेव्हा त्याने बाही खाली केली. वडिलांचा शेवटचा पावसाळा आम्हा दोघांच्याही डोळ्यांपुढे उभा राहिला असणार. त्यांच्या पायाची जखम, तो वास.

त्याच सुमाराला इचलकरंजीचा एक यंत्रमागवाला फौंड्रीत कामासाठी यायचा. त्याने म्हणे भाकरी, भात, साखर सगळं सोडून वजन उतरवलं होतं, गोळ्याही कमी झाल्या होत्या. त्याच्याकडून दादाने आहाराचा कागद आणला. झेरॉक्सवरून झेरॉक्स, त्यावरून आणखी झेरॉक्स, अक्षरं पुसट झालेली. दोन रकाने होते. 'खा'खाली मटण, अंडी, मासे, पनीर, दही, लोणी, पालेभाज्या. 'बंद'खाली भाकरी, चपाती, भात, साखर, गूळ, बटाटा, केळं. तळातली ओळ कापली गेली होती. दादाने कागद आमच्या डॉक्टरांना दाखवला. ते गल्लीतलेच, वडिलांनाही त्यांनीच पाहिलेलं. त्यांचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. पण दादाने फारच गळ घातली तेव्हा ते म्हणाले, तीन महिने करून बघा. मग साखर आणि कोलेस्टेरॉल दोन्ही तपासू. रिपोर्ट चांगला आला तर चालू ठेवा, नाही आला तर मी देईन त्या गोळ्या मुकाट्याने घ्यायच्या आणि हा कागद बंबात घालायचा.

म्हणजे सगळं त्या रिपोर्टवर येऊन थांबलं होतं.

कागद घेऊन दादा कट्ट्यावर आला. बोट फिरवत मला विचारलं, ह्यात दूध कुठं दिसंना, चालतं का न्हाय. मी कागद पाहिला. दूध खरंच कुठेच नव्हतं, कदाचित कापलेल्या ओळीत असेल. दुधातही साखर असते हे मला ठाऊक होतं. मी लॅबवाला माणूस, मला ठाऊक नसेल तर कुणाला? पण दूध बंद झालं तर तो सकाळी इकडे कशाला येणार, हा विचार माझ्या डोक्यात आधी आला. मी म्हणालो, "दूध चालतंय, दादा. ते काय खाणं न्हवं."

त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि पहिला ग्लास माझ्या हातात दिला.

तीन महिने दादाने जे केलं ते कोल्हापुरात करायचं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. भाकरीशिवाय रस्सा खायचा कसा, हाच पहिला प्रश्न. पहिल्या आठवड्यात तो ताटात हात घालायचा आणि डाव्या बाजूला, भाकरी असते तिथे, बोटं जाऊन थांबायची. मग वहिनींनी चमचा दिला. चमच्याने मटण खाणारा माझा भाऊ मला दवाखान्यातल्या पेशंटसारखा वाटायचा. एका लग्नात पंगतीला त्याने जिलेबी परत केली, भात परत केला, नुसत्या रश्श्याच्या वाट्या मागत राहिला. वाढपी म्हणाला, कालच आयसीयूतनं सुटला काय हो पावणं? पंगत हसली. दादाही हसला. पण त्याने भाताचं शीत तोंडात घातलं नाही. फौंड्रीत दुपारी सगळे गुळाचा चहा घ्यायचे तेव्हा तो बाहेर जाऊन उभा राहायचा. पट्ट्याला दोन भोकं नवीन पाडावी लागली. वहिनी त्याच्यासाठी रोज अंडी उकडायच्या, पनीर करायच्या, आणि स्वतः दोन घरची कामं केल्यासारख्या थकायच्या. एकदा मला म्हणाल्या, भावजी, ह्यांना भाकरीचा वास आला की हे बाहेर जाऊन बसतात.

मला हे सगळं माहीत होतं. म्हणून तर पुढचं लिहायला जड जातंय.

तपासणीच्या दिवशी मला लॅबमध्ये लवकर बोलावलं होतं. एका कारखान्याच्या कामगारांची तपासणी होती, साठ-सत्तर माणसं. म्हणून त्या सकाळी मी कट्ट्यावर गेलो नाही. दादाला आदल्या दिवशी सांगितलं होतं, उद्या मी नसेन, तू रिकाम्यापोटी ये. तो नऊ वाजता आला. कामगारांच्या रांगेत कोपऱ्यात बसून राहिला, मी हाक मारेपर्यंत. साडेनऊच्या सुमाराला मी त्याला आत घेतलं. फॉर्मवर नाव, वय लिहिलं आणि तिसऱ्या ओळीत 'होय'वर खूण केली. भावाला काय विचारायचं? तो तर रिकाम्यापोटीच येणार. मीच त्याला सांगितलेलं.

त्याचा दंड बारीक झालेला दिसला. शीर पहिल्याच खेपेला मिळाली. तो म्हणाला, "बरं आलं पायजे, बग." मी म्हणालो, येईल की.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. रक्ताची नळी फिरवणाऱ्या मशीनमध्ये ठेवली की लाल भाग तळाला बसतो आणि वर सीरम उरतं, साधारण गोडेतेलाच्या रंगाचं, आरपार दिसणारं. रक्तात चरबी फार असली की ते गढूळ होतं. दादाची नळी मी बाहेर काढली तेव्हा वरचं पाणी पांढुरकं होतं. पातळ ताकासारखं. नळीमागे बोट धरलं तर बोट धूसर दिसत होतं.

असं दोन कारणांनी होतं. एक तर माणसाचं ट्रायग्लिसराइडच फार चढलेलं असतं, नाहीतर दोन-चार तासांपूर्वी पोटात स्निग्ध काहीतरी गेलेलं असतं. कुठल्या कारणाने, हे नळीला विचारून कळत नाही, माणसाला विचारावं लागतं. माणूस बाहेर बसलेला होता. दार उघडलं असतं तर दिसला असता. मी दार उघडलं नाही.

का उघडलं नाही? गर्दी होती, हे खरं. फॉर्मवर माझ्या हाताने 'होय'ची खूण होती, ती खोडली असती तर लॅब चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी कारण विचारलं असतं, हेही खरं. पण त्या नळीकडे बघताना माझ्या मनात आणखी एक गोष्ट हलली. आयुष्यभर हा माणूस बरोबर होता. शाळा सोडली तेव्हा बरोबर, मला शिकवलं तेव्हा बरोबर, भाकरी सोडली तेव्हाही बरोबर. आणि आता त्याचं काहीतरी चुकलेलं माझ्या हातात होतं, आणि ते वाचता येत होतं फक्त मला. मला वाईट वाटलं, पण वाईट वाटण्याच्या आत कुठेतरी बरंही वाटलं. हे मी दादाला सांगितलं नाही. इथे लिहितोय.

रिपोर्ट असा आला. साखर एकशे अठरा, म्हणजे जवळजवळ ताळ्यावर. एचडीएल, ज्याला लोक चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात, ते वाढलेलं. एकूण कोलेस्टेरॉल मात्र दोनशे साठच्या वर, आणि ट्रायग्लिसराइड तीनशे अठरा. आधीपेक्षाही जास्त.

इथेच सगळी गोम होती. भाकरी, भात, साखर सोडलेल्या माणसाचं एकूण कोलेस्टेरॉल कधी कधी चढतं. काहींचं एलडीएलही, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, चढतं, आणि त्याचा विचार डॉक्टरांनी करायचाच असतो. पण ट्रायग्लिसराइड उतरायला हवं. धान्य आणि गोड सोडलं की सगळ्यात आधी तोच आकडा खाली येतो. तो चढला तर कुणीही जाणता माणूस एकच अर्थ काढणार, हा बाहेर चोरून खातोय किंवा पितोय. त्यात आमचं मशीन एलडीएल मोजतही नव्हतं. एकूण आकड्यातून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करून ते आम्ही कागदावर काढायचो. म्हणजे एक आकडा फसला की दुसराही फसायचा, आणि दोन्ही सारख्याच ठळक अक्षरांत छापले जायचे.

संध्याकाळी मी रिपोर्ट घेऊन आधी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चष्मा वर करून पाहिला. म्हणाले, गोड चालू आहे, नाहीतर बाटली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "घरी पाळतो म्हणता. बाहेर खात असेल का?"

मी म्हणालो, "असेल."

एवढाच शब्द. तीन महिने चमच्याने मटण खाणाऱ्या भावासाठी माझ्या तोंडून एवढाच शब्द निघाला.

तिथून दादाच्या घरी गेलो. तो कामावरून येऊन हातपाय धुऊन बसला होता. वहिनी चुलीपुढे, पोरांसाठी भाकरी थापत होत्या. मी कागद पुढे केला. आकडे वाचून दाखवले, कुठला वाढायला हवा होता, कुठला उतरायला हवा होता, सगळं समजावलं. शिकलेल्या माणसासारखं समजावलं. दादा ऐकत होता. शेवटी म्हणाला, मी काय खाल्लं न्हाय. मी म्हणालो, दादा, खरं सांग, फौंड्रीत गुळाचा चहा, एखादं लग्न, काहीतरी असंल. तो पुन्हा म्हणाला, न्हाय. मग मी ते बोललो.

"आकडा खोटं बोलत न्हाय, दादा."

वहिनींचा थापता हात थांबला. दादाने माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनीही त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात क्षणभर का होईना, शंका होती. ती मी तिथे ठेवली होती.

"मग मी बोलतोय म्हण की," दादा म्हणाला. आवाज चढवला नाही. पाट ओढून तो चुलीजवळ बसला आणि वहिनींना म्हणाला, "वाढ भाकरी. चोर ठरलोयच, तर खाऊन तरी ठरू दे."

त्याने दोन भाकरी खाल्ल्या. तीन महिन्यांनी. हाताने तुकडा मोडून, रश्श्यात बुडवून, हळूहळू. मी उभाच होतो. त्याने मला बस म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादा कट्ट्यावर आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या सकाळी मी ग्लास हातात घेऊन उभा होतो तेव्हा गवळ्याने विचारलं, दादा आजारी हाय काय. मी म्हणालो, न्हाय, काम असंल. धार काढता काढता तो हसला.

"तीन दिसामागं गडी एकटाच आलता, तपासणीला जायचं हाय म्हनून. मी रोजच्यावानी दोन गलास काढलं. तर म्हनला, माझा भाऊ न्हाय आला, त्येच्या वाटचं परत कशाला टाकायचं. दोन्ही प्याला."

दूध माझ्या तोंडातच राहिलं.

सहा वाजता दोन ग्लास. म्हशीचं दूध, सायीसकट, थेट सडातून आलेलं. साडेनऊला रक्त. नळीतला तो पांढरा रंग कुठून आला, हे सांगायला आता कुठल्याच मशीनची गरज नव्हती. दादाने काही लपवलं नव्हतं. त्याच्या लेखी तो रिकाम्यापोटीच आला होता. वहिनी सोमवार करतात तेव्हा दूध घेतात, आमची आई करायची तेव्हाही घ्यायची, दूध हे कुणी कधी खाण्यात धरलंच नव्हतं. आणि वर, ते काय खाणं न्हवं, असं त्याला सांगणारा लॅबवाला भाऊ मीच होतो.

सरळ त्याच्या घरी जायला हवं होतं. लॅबमधल्या कोट घातलेल्या माणसाने रिपोर्टवर रेघ मारून पुन्हा रक्त घ्यायला हवं होतं. मी गेलो, पण पंधरा दिवसांनी, आणि गेल्यावर म्हणालो काय, तर दादा, पुन्हा एकदा तपासू या. चूक कुणाची हे नाही सांगितलं. वहिनी समोर होत्या. डॉक्टरांकडे परत जाऊन 'असेल' मागे घ्यायचं, बाईंना सांगायचं की न विचारता खूण केली, हे सगळं त्या एका वाक्यामागे उभं होतं. दादा म्हणाला, "तुझ्या मशिनीला इचार. तिला सगळं म्हाईत असतंय." तोवर तो भाकरीवर परत आला होता, चहा साखरेचा घेत होता, डॉक्टरांच्या गोळ्या घेत होता. आहाराचा कागद वहिनींनी खरंच बंबात घातला होता.

त्यानंतर त्याने मला रक्त दिलं नाही. तपासणीला तो दुसऱ्या लॅबमध्ये जायचा. सणावारी भेटायचो, एका पंगतीला बसायचो, पोरांच्या परीक्षांचं बोलायचो. भांडण असं काही नव्हतं. लोकांना कळण्यासारखं तर काहीच नव्हतं. फक्त सकाळ गेली. मी कट्ट्यावर जात राहिलो. पहिले काही दिवस गवळी सवयीने दोन ग्लास काढायचा, मग एक काढायला लागला. ग्लास आता तोच हातात द्यायचा. मी पिताना रस्त्याच्या त्या टोकाकडे बघायचो, जिथून दादा सायकलवरून यायचा, एक पाय आधीच जमिनीवर टेकवत. अजूनही बघतो.

लॅबमध्ये मी मात्र वेड्यासारखा विचारायला लागलो. पाणी सोडून काय घेतलं? चहा? आणि दूध? दूध घेतलं का? म्हातारे हसायचे. एक जण म्हणाला, रगात काढताय का म्हशीचा सौदा करताय? बाईंना सांगून मी पेशंटला द्यायच्या चिठ्ठीवर एक ओळ वाढवून घेतली, 'उपाशीपोटी म्हणजे दूधसुद्धा नाही.' सगळे म्हणायचे, चांगली सुचली. सुचायला काय झालंय?

दादाची साखर वाढत गेली. गोळ्यांवरून इन्सुलिनवर आला. मग नजर. फौंड्रीत रस ओतताना डोळे नीट लागतात, ते काम सुटलं, आणि तो वहिनींना घेऊन गगनबावड्याच्या बाजूला आमच्या गावी राहायला गेला. तो आहार चालू राहिला असता तर हे टळलं असतं का? मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. त्याचं एलडीएलही बहुधा जास्तच निघालं असतं, डॉक्टरांनी त्यावर गोळी दिलीच असती, कदाचित आहारातही बदल केला असता. साखरेचा आजार असा एका रिपोर्टवर ठरत नाही. पण तो स्वतःच्या घरात खोटा ठरला नसता. आणि खोटं ठरवलेला माणूस कशासाठी जिभेवर ताबा ठेवील?

पाच वर्षांनी वहिनींचा फोन आला. दादाच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, त्याआधी रक्त तपासायचं होतं, चरबीसकट सगळं. गावातल्या दवाखान्यात दोनदा सुई टोचली, शीर मिळेना. मग वहिनी म्हणाल्या, हेच म्हणाले, त्यालाच बोलवा.

पहिल्या एसटीने गेलो. थर्मासमध्ये बर्फ, पिशवीत सुया, नळ्या, आणि एक कोरा फॉर्म. दादा पुढच्या सोप्यात खुर्चीवर बसला होता. मी आलो ते त्याला पावलांवरून कळलं असावं. मान वळवली, पण नजर माझ्या जरा शेजारी लागली. मी फॉर्म मांडीवर घेतला. नाव लिहिलं, वय लिहिलं. तिसऱ्या ओळीपाशी पेन थांबलं.

"दादा, रात्री कधी जेवलास?"

आठला, म्हणाला.

"सकाळपासून पाणी सोडून काय घेतलंयस? च्या? दूध?"

"न्हाय."

मी खूण केली. मग पेन खाली ठेवलं आणि सांगितलं. त्या दिवशीची पांढरी नळी, न विचारता केलेली खूण, गवळ्याने सांगितलेले दोन ग्लास, पंधरा दिवसांनी येऊनही गिळलेलं वाक्य. डॉक्टरांना म्हटलेलं 'असेल' पण सांगितलं. वहिनी आतल्या दारात उभ्या होत्या, त्यांना ऐकू जाईल अशाच आवाजात सांगितलं. तू कायच खाल्लं न्हवतंस, असं शेवटी म्हणालो. ते त्याला माहीतच होतं, पण ते माझ्या तोंडून निघायला पाच वर्षं लागली होती.

 दंडावरची बाही दादाने स्वतःच वर केली आणि हात माझ्या मांडीवर ठेवला. रेषांमधली काळी वाळू अजून तिथेच होती.

"मग त्याच दिवशी इचारायचं हुतंस की," तो म्हणाला.

 मी पट्टी बांधली. शीर मिळायला वेळ लागला, दोन ठिकाणी चाचपावं लागलं. तो हलला नाही. नळी भरली, मी कापूस दाबला, त्याने तो स्वतःच्या बोटाने धरला.

वहिनींनी डोळ्याला पदर लावला आणि गोठ्यात गेल्या. घरची म्हैस होती. थोड्या वेळाने त्या दोन ग्लास घेऊन आल्या, फेस आलेला, वाफ निघत असलेली. रक्त काढून झालं होतं, आता त्याला काही घ्यायला हरकत नव्हती. एक त्यांनी दादाजवळ स्टुलावर ठेवला, एक मला दिला.

दादाने चाचपत स्वतःचा ग्लास उचलला आणि माझ्या बाजूला सरकवला.

"ह्यो बी तू पी," म्हणाला. "त्या दिवशी तुझ्या वाटचा मी प्यालतो."

मी म्हणालो, दादा, तू घे. त्याने मान हलवली. मला आता दूध सोसत न्हाय, म्हणाला, आणि कापूस धरून दाराबाहेरच्या उजेडाकडे तोंड करून बसला. मी पहिला ग्लास प्यालो. तो पिऊन होईपर्यंत दुसऱ्यावरचा फेस खाली बसला होता. मग तोही प्यालो, निवत चाललेला. दादा ऐकत होता बहुतेक, कारण रिकामा ग्लास मी स्टुलावर ठेवला तेव्हाच तो म्हणाला, "आता जा. एसटी चुकंल."